एका शब्दाची चूक

आमच्या देवळ्याच्या कॉलेजात दरवर्षी प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला वीस-पंचवीस विद्यार्थी येतात. त्यांच्याकडे आपण घरच्यासारखे लक्ष द्यावे, अशी अपेक्षा असते. कोण मुलगा कसा आहे, हे एका छापील तक्त्यात नोंदवायचे. तक्ता अर्थातच इंग्रजी! ‘कॉन्फिडंट’, ‘सिन्सिअर’, ‘शाय’, ‘मूडी’, ‘इंट्रोव्हर्ट’ असे शब्द ओळीने छापलेले; आपण फक्त खूण करायची. मी मराठीचा प्राध्यापक खरा. पण खूण करायला भाषा कशाला लागते? एकदा पंचवीस जणांचे स्वभाव मी चहा निवायच्या आत उरकून टाकले. त्यांतली एक खूण मात्र मला अजून टोचते.

तो मुलगा जवळच्याच एका खेड्यातला. घरी कांद्याची शेती. वर्गात शेवटचा बाक, मान खाली, विचारले तेवढेच उत्तर. मी ‘इंट्रोव्हर्ट’वर खूण केली आणि मोठ्या उदारपणे ठरवले, की स्वारी एकांतप्रिय दिसते, उगाच छेडू नये. दिवाळीनंतर तो यायचाच बंद झाला.

एका रविवारी मी त्याच्या मळ्यावर गेलो. आजी चाळीतला उरलासुरला उन्हाळ कांदा निवडीत बसली होती. चांगला एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, सडका तिसरीकडे. मला पाहताच मुलगा गोठ्यामागे नाहीसा झाला.

“आजी, हा एकलकोंडा का हो?” मी विचारले.

“एकलकोंडा कशाचा, सर! लई भिडस्त हाये. कोनाला न्हाई म्हनायला जीभ उचलत न्हाई त्याची.”

मग सगळी हकीकत कळली. घरून दिलेले फीचे पैसे एका मित्राने त्याच्याकडे उसने मागितले होते. नाही म्हणवेना म्हणून याने दिले. परत मागवेनात. घरी सांगवेना, ऑफिसात मुदत मागवेना आणि माझ्याकडे यायला तर पायच उचलेना. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण मी वर्गात शिकवली होती; ती समोर बसली आहे, हे मला दिसले नव्हते!

वाचकहो, चूक केवढी झाली पाहा. ‘इंट्रोव्हर्ट’ हा शब्द कार्ल युंग याच्या 1921 सालच्या ग्रंथामुळे जगभर झाला. ज्याची ओढ आतल्या जगाकडे असते, तो अंतर्मुख. अशा माणसाला एकटे सोडणे हा त्याच्यावर उपकारच. भिडस्त माणसाचे मात्र उलट! त्याला एकटे सोडले की तो बुडाला. कोणीतरी आपण होऊन विचारावे, यासाठी त्याचा जीव आतून तळमळत असतो. शब्द चुकला म्हणून माझे वागणे चुकले.

यात इंग्रजीला दोष देण्याचे कारण नाही. ती भाषा काही दरिद्री नाही. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने 1884 साली रॉजेटचा शब्दकोश चाळून स्वभाव सांगणारे निदान हजार शब्द भरतील, असा अंदाज केला. पुढे 1936 साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघा अमेरिकनांनी वेब्स्टरच्या भल्या थोरल्या कोशातून असे 17,953 शब्द वेचून काढले! त्यांतले सुमारे साडेचार हजार माणसाच्या कायमच्या स्वभावाचे. नंतरच्या संशोधकांनी पुष्कळ गाळागाळ करून पाच मोठ्या राशी घातल्या: बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, भावनांचे स्थैर्य आणि नव्याची हौस. या साऱ्या उद्योगामागे एक साधा विचार आहे. माणसामाणसांतले जे फरक लोकांना महत्त्वाचे वाटतात, त्यांना भाषा आपसूक शब्द देते.

मग मराठीने कशाकशाला शब्द दिले? रामदासांनी ‘दासबोधा’त मूर्खांची लक्षणे सांगण्यासाठी एक समास खर्च केला, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. (आम्हां प्राध्यापकांनी तो अधूनमधून वाचावा.) मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, सुधारलेली आवृत्ती 1857 साली. तो चाळताना आपल्याच घरातली माणसे भेटल्यासारखे वाटते. आपल्या भाषेने शरीराचा प्रत्येक अवयव स्वभाव सांगायला जुंपला आहे. कोणी कानाचा हलका, कोणी हाताचा सढळ, कोणी जिभेचा तिखट, कोणी आतल्या गाठीचा, तर कोणी नाकासमोर चालणारा. बोलण्याचेच पाहा ना! फटकळ, तोंडाळ, बोलघेवडा, मितभाषी, मुखदुर्बळ, भोचक. यांतला एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

आता घरोघर काय ऐकू येते? “त्याला फार इगो आहे.” मानी, अभिमानी, ताठर, गर्विष्ठ, आढ्यताखोर हे सगळे एका पोत्यात! मानी माणूस उपाशी राहील पण हात पसरणार नाही. गर्विष्ठ माणूस दुसऱ्याचा पसरलेला हात झिडकारील. दोघांना एकच दूषण लावले, तर मान्यावर अन्याय होतो. लहरी, छांदिष्ट, तऱ्हेवाईक, रुसका हे सगळे ‘मूडी’ झाले. चुणचुणीत, हुशार, धूर्त आणि बेरकी हे सगळे ‘स्मार्ट’. आजी सुद्धा कांद्याच्या तीन राशी करीत होती. आपण माणसांची एकच करतो.

परके शब्द नकोत, असे माझे म्हणणे नाही. दिलदार, बेफिकीर, हुशार, वक्तशीर हे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले पाहुणे आज घरचे झाले आहेत. पण ते आल्यामुळे घरातले कोणी बाहेर गेले नाही. पाहुण्याला जागा द्यावी, आजीची खाट काढू नये, इतकेच!

नोकरीच्या अर्जासाठी इंग्रजी लागणार, हे मुलांना मीच सांगतो. “स्वतःचे वर्णन तीन शब्दांत करा,” असे मुलाखतीत विचारले की आमची मुले पाठ केलेले ‘हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पंक्च्युअल’ म्हणून मोकळी होतात. मी त्यांना सांगतो, आधी घरची माणसे तुला काय म्हणतात ते आठव. मग त्याचे इंग्रजी कर. एक शब्द मिळाला नाही तर एक वाक्य कर. सोशीक मुलगी आपल्या सोशीकपणाचा एखादा प्रसंग सांगू लागली, की तिचे मोडकेतोडके इंग्रजीही ऐकावेसे वाटते.

तो मुलगा परत आला. एक वर्ष मात्र गेले, आणि ते माझ्या नावावर आहे. तक्ता अजून इंग्रजीच आहे. मी खुणाही करतो. पण शेजारी माझी एक साधी वही असते. तिच्यात प्रत्येक नावापुढे एकच मराठी शब्द लिहायचा, आणि तो सापडेपर्यंत त्या मुलाशी बोलत राहायचे, असा नेम केला आहे. कधी आठ दिवस लागतात, कधी दोन महिने.

यंदा फराळाला सगळे जमलात की तुम्हीही हा खेळ करून पाहा. घरातल्या प्रत्येकासाठी एकेक शब्द, आणि तोही इंग्रजी नको. अडलात तर आजीला विचारा. तिने तुमच्यासाठी कोणता शब्द काढला, तेवढे मात्र मनावर घेऊ नका!