जुन्या बॅकअपचे ओझे

संगणकाच्या डिस्कवर जागा उरली नसल्याची सूचना पडद्यावर झळकली की बहुतेक जण प्रथम छायाचित्रे आणि चित्रपट पुसू लागतात. ज्यांनी कधी काळी आयफोन वा आयपॅड संगणकाला जोडून त्याचा बॅकअप घेतला असेल, त्यांनी मात्र आधी या बॅकअपकडे पाहावे.

एकाच फोनचा बॅकअप पुन्हा घेतला, तर साधारणपणे जुन्या प्रतीतच नवे बदल नोंदवले जातात. फोन बदलला की नव्या फोनसाठी स्वतंत्र फोल्डर तयार होते आणि जुने तसेच पडून राहते. डिस्क २५६ गिगाबाइटची आणि अशा प्रती ४५ गिगाबाइटच्या दोन असतील, तर एक तृतीयांशाहून अधिक जागा त्यांनीच अडवलेली असते.

या प्रती शोधणे अवघड नाही. मॅकओएस कॅटलिना (२०१९) व त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये हे काम आयट्यून्सऐवजी फाइंडरकडे आहे. फोन केबलने जोडून फाइंडरच्या डाव्या बाजूस त्याचे नाव निवडावे आणि 'जनरल' विभागातील 'मॅनेज बॅकअप्स' हे बटण दाबावे. विंडोजवर आयट्यून्स वापरणाऱ्यांनी 'एडिट' मेन्यूतील 'प्रेफरन्सेस' उघडून 'डिव्हायसेस' निवडावे. तेथे प्रत्येक प्रतीपुढे उपकरणाचे नाव व तारीख दिसते. नको असलेली नोंद निवडून ती पुसता येते.

'मोबाइलसिंक' फोल्डरमध्ये शिरून मोठ्या आकाराच्या फाइली वेचून काढण्याचा मोह मात्र टाळावा. या फाइली एकमेकींवर अवलंबून असतात. त्यांतील काही काढल्या वा त्यांची नावे बदलली, तर उरलेली प्रतही निरुपयोगी ठरू शकते.

पुसण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा : ज्या फोनची ही प्रत आहे, तो आज आपल्याजवळ आहे का? फोन हाती असेल आणि त्याचा ताजा बॅकअप घेतलेला असेल, तर जुनी प्रत खुशाल काढावी. परंतु फोन विकला, हरवला वा बिघडला असेल, तर ती निव्वळ प्रत राहत नाही. तीच मूळ होते. दिवंगत आई-वडिलांचे संदेश किंवा ध्वनिमुद्रित आवाज कदाचित तेवढ्या एका फोल्डरमध्येच उरलेले असतात. आयक्लाउडवर विसंबून राहणेही धोक्याचे आहे. त्यावरील बॅकअपची सोय बंद केल्यास शेवटचा बॅकअप केवळ १८० दिवस ठेवला जातो.

अशी प्रत संपूर्ण फोल्डरसह बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावी आणि ती नीट उतरल्याची खात्री झाल्यावरच संगणकावरून काढावी. बॅकअप सांकेतिक स्वरूपात असेल, तर त्याचा पासवर्डही लिहून जपावा. त्यावाचून ती प्रत उघडता येत नाही. प्रत पुसल्यावरही जागा वाढलेली दिसली नाही, तर मॅकवरील 'ट्रॅश' वा विंडोजवरील 'रिसायकल बिन' रिकामे करावे.