दिवेलागणीला फुलणारी बाग

दिवसभराचं आवरून आपण अंगणात किंवा गॅलरीत टेकतो केव्हा? बहुधा दिवे लागल्यावरच. त्या वेळी लाल जास्वंद काळपट दिसते, अबोली तर डोळ्यांत भरतच नाही. दिसतात ती पांढरी फुलं. मोगरा, निशिगंध, प्राजक्त, सोनटक्का ही फुलं उमलतातच मुळी संध्याकाळी. अशी बरीच फुलं रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी असतात. अंधारात रंगाचा उपयोग नाही, म्हणून सारी भिस्त शुभ्रतेवर आणि सुवासावर. तेव्हा मैत्रिणींनो, जिला स्वतःसाठी रात्रीचाच अर्धा तास मिळतो, तिने पांढरी फुलंच निवडावीत.

रोपवाटिकेत गेलं की फुलांनी लगडलेलं रोप आपण पटकन उचलतो, आणि घरी आल्यावर ते रुसून बसतं. म्हणून आधी जागा पाहा, मग रोप. आपल्याकडे ऊन किती तास येतं, हे दोन दिवस घड्याळ लावून बघा.

पाच-सहा तास ऊन असेल तर पहिला मान मोगऱ्याचा. बारा इंची कुंडी पुरते. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर, म्हणून छाटणी हवीच. डिसेंबरात पाणी कमी करून झाडाला विश्रांती द्यावी, मग फांद्या निम्म्याने छाटाव्यात आणि शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करावं. चैत्र-वैशाखात झाड कळ्यांनी भरतं. छाटताना जीव कचरतो खरा, पण न छाटलेला मोगरा नुसता पानांनी वाढतो.

निशिगंधालाही ऊन लागतं. उन्हाळ्यात कंद दोन इंच खोल लावावेत. दुहेरी पाकळ्यांचा निशिगंध फुलदाणीत शोभतो, पण वास हवा असेल तर एकेरीच घ्या. दोन-तीन वर्षांनी कंदांची गर्दी झाली की काढून वेगळे लावावेत, नाहीतर दांडे कमी येतात.

मांडव किंवा गजाचा आधार असेल तर जाई-जुई लावा. त्यांचा बहर पावसाळ्यात. जाईच्या कळीवर बाहेरून गुलाबी झाक असते, जुईची फुलं नाजूक, बारीक. थंडीसाठी कुंद आहे. त्याचा गंध अगदी मंद, पण फुलतो भरभरून. अंगण मोठं असेल तर कोपऱ्यात प्राजक्त हवाच. गणपती-नवरात्रात सकाळी झाडाखाली सडा पडतो.

ऊन कमी आणि ओल जास्त, अशी मोरीच्या पाण्याची जागा असते ना? तिथे सोनटक्का लावा. हा आल्याच्या कुळातला. पावसात फुलतो. फुलून गेलेला दांडा बुंध्याशी कापला की नवे कोंब जोमाने येतात. अर्धवट सावलीत कामिनीही तग धरते.

अनंताचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्याला आम्लधर्मी माती मानवते. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत, किंवा बोअरचं जड पाणी घातलं की त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा ठिकाणी तो कुंडीतच लावावा, लाल माती आणि पालापाचोळ्याचं खत घालून.

रातराणी लावायची तर झोपायच्या खिडकीपासून दूर. तिच्या उग्र वासाने काहींचं डोकं दुखतं. शिवाय तिची फळं विषारी असतात, त्यामुळे रांगतं मूल घरात असेल तर नकोच. मात्र तिच्या वासाने साप येतो, ही भीती काढून टाका. साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागे आणि गचपणात लपायला. बुंध्याशी झाडझूड ठेवा, म्हणजे झालं.

तीनच कुंड्या मावत असतील तर उन्हात मोगरा, निशिगंध आणि कुंद घ्या; म्हणजे तिन्ही ऋतूंत काही ना काही फुलत राहील. ऊन बेताचं असेल तर सोनटक्का आणि कामिनी. रोपं आणायला पहिले दोन-तीन पाऊस पडून गेल्यावरचे दिवस उत्तम.

आणखी एक सांगावंसं वाटतं. कळ्या खुडल्या की त्या आधी देवाला जातात, मग लेकीच्या वेणीला, मग शेजारी. आपल्या वाट्याला परडी उरते. काही घरांत तर नवरा गेल्यावर बाईने गजरा माळू नये, असं आजही मानतात. पण गजऱ्याला कुणी हरकत घेतली, तरी खिडकीतून आत येणाऱ्या वासाला कोण अडवणार? तेव्हा घरात अशी कुणी सासू, आई, जाऊ असेल तर एक कुंडी तिच्या खिडकीशी ठेवा. आणि दुपारी खुडताना चार कळ्या झाडावर राहू द्या.