घरीच सर्व्हिसिंग केल्यास जुन्या गाडीची किंमत घटते का?

जुनी होंडा सिटी व्हीटेक हौसेने जपणारे काही मालक तिचे सर्व्हिसिंग घरीच करतात. मग विकताना भाव पडतो का?

पाना कोणी फिरवला, यापेक्षा कामाचा पुरावा महत्त्वाचा. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट कव्हरखाली असतो. तो कधी बदलला, हे बाहेरून कळत नाही. धावत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकून मोठा खर्च येऊ शकतो. नोंद नसेल तर खरेदीदार तो खर्च वजा करूनच भाव सांगतो.

काय कराल? सुट्या भागांची बिले, तारीख, किलोमीटर आणि फोटो जपून ठेवा. ब्रेकचे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण झाले असेल, तर ती कागदपत्रेही दाखवा.