शेक संपल्यानंतरची दहा वर्षं

मेंदूच्या गाठीतून उठलेल्या माणसांना लक्ष आणि आठवण सावरायला शिकवणाऱ्या एक बाई आमच्या भागातल्या दवाखान्यात बसत. गेल्या महिन्यात त्या मेलबर्नला मुलीकडे गेल्या, कायमच्या. त्यांच्या खोलीत आता पावत्या फाडतात. दारावर एका मोबाइल ॲपची जाहिरात चिकटवली आहे: रोज थोडा वेळ खेळा, मेंदू तल्लख ठेवा. खेळ सगळे इंग्रजीत. जागा भरायचं कुणाच्या मनातही नाही, असं चौकशीअंती कळलं. ते झोंबलं, म्हणून हा मागोवा.

जुनी पानं मी भराभर उलटतो. परळचं टाटा रुग्णालय १९४१ चं, बडोद्याचं वैद्यकीय महाविद्यालय १९४९ चं, अहमदाबादची कॅन्सर संस्था १९७२ ची. मेंदूच्या कर्करोगात त्या सगळ्या काळात प्रश्न एकच विचारला जाई, माणूस किती दिवस काढेल? २००५ साली शेकासोबत, म्हणजे किरणोपचारांसोबत, टेमोझोलोमाइडची गोळी देण्याची पद्धत सिद्ध झाली आणि ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाचे निम्मे रुग्ण जिथवर पोचत तो टप्पा १२.१ महिन्यांवरून १४.६ वर सरकला. अडीच महिन्यांची ही भर जगभर गाजली, गाजायलाच हवी होती. २०१२ मध्ये सिप्लाने या गोळीची किंमत पाऊणपट उतरवली, तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरांतही ती येऊ शकली. पण त्या अडीच महिन्यांत माणसाला नातवाचं नाव आठवतं का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

रेंगाळायचं ते २०१० ते २०१९ या वर्षांत, कारण तो दादाचा काळ.

दादा माझा थोरला भाऊ. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात मराठी आणि गुजराती दोन्ही मुद्रितं तपासायचा. गाठ डाव्या कानशिलामागच्या भागात, हळू वाढणारी. ऑपरेशन झालं, मग शेकासाठी मुंबई. रात्रीची वडोदरा एक्सप्रेस, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, तोंडावर बसवायचा तो जाळीचा मास्क. हे सगळं लोक विचारतात आणि मीही रंगवून सांगतो. खरी गोष्ट सुरू झाली ती शेक संपल्यावर, दुसऱ्या वर्षी. दादाला ऱ्हस्व-दीर्घाची चूक अजून लांबून दिसे. पण पान तपासून झालं की नाही, ते आठवत नसे. छापखान्याने सहा महिने कळ काढली, मग हिशेब चुकता केला.

ऑपरेशन करणारे डॉक्टर (नाव घेत नाही, हात चांगला होता) दर तपासणीला एमआरआयवर बोट ठेवून म्हणत, ‘स्टेबल.’ वहिनी म्हणे, ‘डॉक्टरसाहेब, हे गॅस चालू ठेवून निघून जातात.’ उत्तर ठरलेलं, ‘वय झालं की होतं असं.’ दादा तेव्हा बावन्न वर्षांचा होता. नातेवाईक तर याहून पुढे. एका काकांनी ब्राह्मी आणली, दुसऱ्यांनी दादाला आळशी ठरवलं. त्या काकांशी मी अजून बोलत नाही.

बाई भेटल्या त्या याच सुमारास. आठवणीचा व्यायाम वगैरे काही न काढता त्यांनी आधी गोळ्यांची चिठ्ठी मागितली. फिटच्या काही गोळ्यांनी डोकं जड होतं, सूज उतरवणारं स्टिरॉइड झोप उडवतं, शेकानंतर कधी थायरॉइड मंदावतं, आणि उदास माणसाचं कशात लक्ष लागत नाही. सुधारता येईल ते आधी सुधारू, म्हणाल्या. एक गोळी बदलली, झोप परतली, आणि निम्मा धुरळा तिथेच बसला.

मग वही आली. बाईंचं म्हणणं होतं की दादा जे विसरतो, त्यातलं बरंचसं मुळात डोक्यात शिरलेलंच नसतं. म्हणून बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकच काम, अवघड काम सकाळी, आणि काम संपताच वहीत खूण. चष्मा, किल्ली, औषध यांची जागा ठरलेली. नेदरलँड्समध्ये मेंदूच्या अशाच गाठींच्या १४० रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये आला होता. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे शिकवणी. सहा महिन्यांनी लक्ष आणि शब्दांची आठवण या चाचण्यांत शिकवलेले पुढे, आणि डोक्याचा थकवाही कमी. म्हणजे बाई मनचं काही करत नव्हत्या.

आपल्याकडेही काम झालं, आणि अभिमान वाटावा असं. टाटामध्ये डॉ. राकेश जलाली यांच्या गटाने २००१ पासून ३ ते २५ वयाच्या २०० रुग्णांना दोन गटांत विभागलं. एकाला नेहमीचा शेक, दुसऱ्याला गाठीच्या आकाराला नेमका बेतलेला. पाच वर्षं गाठीसोबत त्यांची बुद्धीही मोजली. २०१७ मध्ये निष्कर्ष छापले: जगण्यात फारसा फरक नाही, पण नेमक्या शेकाच्या मुलांची बुद्धी आणि संप्रेरकं जास्त टिकली. २०२० मध्ये अमेरिकेतून पुढची बातमी आली. कर्करोग मेंदूत पसरल्यामुळे सबंध मेंदूला शेक द्यावा लागतो, तेव्हा आठवणी जिथे घडतात तो हिप्पोकॅम्पस वगळला तर बुद्धीची घसरण कमी होते. हिप्पोकॅम्पस वगळलेल्या आणि न वगळलेल्या, दोन्ही गटांना आठवण सावरणारी मेमँटिनची गोळी होतीच.

मोजायचं तर मोजायचं कुठल्या भाषेत, हे मात्र अडलेलंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) स्मृतिभ्रंशासाठी बनवलेला चाचणीसंच २०२० मध्ये पाच भाषांत आला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नाही, गुजरातीही नाही. बडोद्याचा मराठी माणूस घरी एक बोलतो, मांडवीत दुसरं, डॉक्टरांपुढे तिसरं, आणि रिपोर्ट त्याला चौथ्यातच मिळतो. दादाला हिंदीत महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावली तेव्हा तो अडखळला आणि कागदावर गुण कापले गेले. बाईंनी तेच मराठीत विचारलं: फाल्गुन, माघ, पौष… थेट चैत्रापर्यंत.

२०१८ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन बडोद्यात भरलं तेव्हा दादा तिन्ही दिवस पुस्तकांच्या दालनांत होता. एकच कादंबरी त्याने दोनदा विकत आणली. वहीत नोंद होती, वही घरी होती. तो स्वतःच खो-खो हसला. पुढच्या वर्षी गाठ पुन्हा उठली आणि यावेळी वेगाने.

या दशकाबद्दल मला राग आहे तो एवढाच की पुरावा हाती आला, यंत्रं आली, आणि नेमका तेव्हाच समोर तासभर बसणारा माणूस परवडेनासा झाला. ॲप रागावत नाही, मान्य. पण ते गोळ्यांची चिठ्ठीही मागत नाही, आणि बायकोला बाजूला घेऊन ‘तुम्ही जेवलात का’ असं विचारत नाही. मोठ्या इस्पितळांत शेकाच्या विभागाला लागून एक खोली, एक टेबल आणि मराठी-गुजराती बोलणारी एक पगारी जागा, याला किती खर्च येतो? नव्या यंत्राच्या उद्‌घाटनाच्या मांडवापेक्षा जास्त येत नसावा.

सध्या हे काम वहिनी करते. कारेलीबागेतल्या एका घरी दर गुरुवारी जाते, तिथल्या सूनबाईंना वही कशी आखायची ते दाखवते. तिच्याकडे पदवी नाही, म्हणून गोळ्यांबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र लिहून देते. रिक्षाचं भाडं स्वतःच्या पर्समधून.