प्रतिमा आणि पूर्वकथन : हॉजकिनच्या रोगातील पेट-तपासणीचा अर्थ

कर्करोगावरील उपचार लागू पडत आहेत किंवा नाहीत हे शक्य तितक्या लवकर कळावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. निष्फळ उपचारात रुग्णाचा मोलाचा काळ जातो. अनावश्यक तीव्र उपचारात त्याच्या निरोगी अवयवांची हानी होते. म्हणून रोगाच्या प्रतिमेवरून उपचाराचे फळ आधीच वर्तविता येईल काय, हा प्रश्न आधुनिक वैद्यकात महत्त्वाचा ठरला आहे. अशा प्रतिमेवरून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, याचा विचार करण्यास हॉजकिनच्या रोगाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

प्रतिसाद मोजण्याचे जुने साधन म्हणजे गाठीचा आकार. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये तशी मापनपद्धती प्रसिद्ध केली व २००० साली ‘रेसिस्ट’ या नावाचे निकष पुढे आले. त्यांनुसार निवडक गाठींच्या लांबीची बेरीज निदान ३० टक्क्यांनी घटल्यास अंशतः प्रतिसाद मिळाला असे मानले जाते. हॉजकिनच्या रोगात मात्र हे माप अपुरे पडते. टॉमस हॉजकिन या इंग्रज वैद्याने १८३२ मध्ये वर्णिलेल्या या लसीका-ग्रंथींच्या रोगात गाठीतील दुष्ट पेशी अत्यल्प असतात, बहुधा शंभरात एखाददुसरी. उरलेली गाठ त्या पेशींनी भोवती जमविलेल्या दाहपेशींची व तंतूंची बनलेली असते. त्यामुळे रोग नाहीसा झाला तरी तंतुमय गाठ छातीत तशीच राहू शकते. आकारावर विसंबणाऱ्यास ती रोगाचे चिन्ह वाटेल.

पेट-तपासणी आकाराऐवजी पेशींचा चयापचय दाखविते. फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेली ग्लुकोजसदृश शर्करा शिरेतून दिली जाते. ग्लुकोज अधिक वापरणाऱ्या पेशी ती उचलतात. पेशीत शिरल्यावर तिचे पुढील विघटन होत नाही व ती तेथेच अडकून राहते. फ्लोरिनचा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटांचा असल्याने प्रतिमा घेण्यास पुरेसा अवधी मिळतो. मानवी शरीरात या द्रव्याचा पहिला वापर १९७६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात झाला.

या तपासणीचे पूर्वकथनमूल्य २००७ मध्ये ठळकपणे प्रत्ययास आले. गॅलामिनी व त्यांच्या इटालियन आणि डॅनिश सहकाऱ्यांनी २६० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. बहुतेकांवर ‘एबीव्हीडी’ या चार औषधांच्या संयोगाने उपचार झाले होते. पहिल्या दोन आवर्तनांनंतर ज्यांची प्रतिमा निर्मळ होती, त्यांपैकी ९५ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही रोगवृद्धीपासून मुक्त होते. ज्यांच्या प्रतिमेत उजळ भाग शिल्लक होता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १३ टक्केच होते. रोगवृद्धी उघड झाल्याखेरीज केवळ प्रतिमेवरून उपचार बदलण्यात आले नव्हते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

परंतु या आकड्यांवरून लगेच एक निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तेथेच सावध राहिले पाहिजे. ‘पूर्वकथन’ या एका शब्दात दोन भिन्न विधाने सामावलेली आहेत. एक रोगगतीविषयीचे : चालू उपचारात या रुग्णाचे पुढे काय होईल. दुसरे उपचारफलाविषयीचे : उपचार बदलल्यास ते होणे टळेल काय. शेतातील रोपे पिवळी पडली तर उत्पन्न घटेल, हे अनुभवी शेतकरी सांगतो. पण त्यांना खत हवे की पाणी, की काहीही केले तरी ती सुधारणार नाहीत, हे केवळ पिवळेपणावरून ठरत नाही. पहिले विधान निरीक्षणाने सिद्ध होते. दुसऱ्यासाठी प्रयोग करावा लागतो.

असा प्रयोग ‘रॅथल’ या नावाने ब्रिटनसह अनेक देशांत झाला व त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगाच्या प्रगत अवस्थेतील १,११९ रुग्णांची दोन आवर्तनांनंतर तपासणी झाली. त्यांपैकी ९३७ जणांची प्रतिमा निर्मळ ठरली. या गटातील काही रुग्णांचे चारही औषधांचे उपचार पुढे चालू ठेवले व काहींचे ब्लिओमायसिन वगळले. कोणास काय द्यावयाचे हे यदृच्छेने ठरविले गेले. ब्लिओमायसिन फुप्फुसांना अपाय करू शकते, म्हणून ते टाळता आले तर लाभ मोठा. तीन वर्षांनंतर रोगवृद्धीमुक्त रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ८५.७ व ८४.४ टक्के आढळले. उभयतांतील फरकाची वरची संभाव्य मर्यादा आधी ठरविलेल्या ५ टक्क्यांच्या किंचित पलीकडे, ५.३ टक्क्यांवर गेली. तथापि फुप्फुसांचा त्रास औषध वगळलेल्या गटात कमी होता. निर्मळ प्रतिमा असणाऱ्यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने बऱ्याच अंशी मिळाले.

उजळ प्रतिमा असणाऱ्या १७२ रुग्णांना अधिक तीव्र अशी ‘बीकॉप’ औषधयोजना देण्यात आली व तीन वर्षांनंतर ६७.५ टक्के रोगवृद्धीमुक्त राहिले. पूर्वीच्या १३ टक्क्यांशी तुलना करता हा फरक आशादायक आहे. मात्र या गटात यदृच्छेने केलेली तुलना नव्हती, म्हणून त्या फरकाचे सर्व श्रेय औषधबदलास देता येत नाही.

चिन्हाचा अर्थ उपचारावर किती अवलंबून असतो, हे जर्मन गटाच्या ‘एचडी-१८’ या प्रयोगात दिसते. तेथे प्रारंभापासूनच तीव्र बीकॉप योजना दिली होती. २०१७ मधील वृत्तांतानुसार, दोन आवर्तनांनंतर उजळ भाग राहिलेल्या रुग्णांपैकीही ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण तीन वर्षांनंतर रोगवृद्धीमुक्त होते. या प्रयोगात ‘उजळ’ ठरविण्याची मर्यादाही खालची होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ही मर्यादा हा स्वतंत्र प्रश्न आहे. फ्रान्समधील दोव्हील येथे २००९ मध्ये तज्ज्ञांनी पाच अंकांची श्रेणी सुचविली. गाठीची उजळता छातीच्या मध्यभागातील रक्ताहून अधिक नसल्यास २ पर्यंत अंक, त्याहून अधिक पण यकृताहून अधिक नसल्यास ३, आणि यकृताहून अधिक असल्यास ४ किंवा ५. रॅथल प्रयोगात ३ हा अंक निर्मळ गणला गेला. प्राथमिक अवस्थेतील रुग्णांची किरणचिकित्सा टाळता येईल काय हे पाहणाऱ्या ‘रॅपिड’ प्रयोगात तो निर्मळ गणला नाही. उपचार कमी करावयाचा असेल तर रोग नजरेतून सुटण्याचे भय अधिक, म्हणून निकष कडक. उपचार वाढवावयाचा असेल तर अकारण विषबाधेचे भय अधिक, म्हणून निकष सैल. अंक एकच असूनही हेतूनुसार त्याचा अर्थ बदलतो.

शिवाय उजळता म्हणजे केवळ कर्करोग नव्हे. दाहपेशीही ग्लुकोज उचलतात व क्षयाच्या गाठी प्रतिमेत उजळ दिसतात. क्षयाचा प्रादुर्भाव असलेल्या भारतात हा विचार विशेष अगत्याचा आहे. अनपेक्षित ठिकाणी उजळता दिसल्यास उपचार बदलण्यापूर्वी तेथील ऊतीचा तुकडा काढून तपासणे हितावह ठरते.

अलीकडे संगणकाच्या साहाय्याने प्रतिमांतून शेकडो सूक्ष्म गुणधर्म काढून त्यांवरून उपचाराचे फळ वर्तविण्याचे प्रयत्न होत आहेत. ‘रेडिओमिक्स’ या नावाने ही शाखा ओळखली जाते. यंत्र व प्रतिमा घडविण्याची रीत बदलली की यांतील अनेक गुणधर्मांची मूल्ये बदलतात. म्हणून एका रुग्णालयातील प्रतिमांवर बसविलेले गणित दुसरीकडे पडताळून पाहावे लागते, आणि ते पडताळले तरी वर सांगितलेला दुसरा प्रश्न शिल्लकच राहतो.

सारांश, प्रतिमा हे चिन्ह आहे. रोग, उपचार, तपासणीची वेळ व घ्यावयाचा निर्णय या संदर्भांत त्याचा अर्थ ठरतो. प्रतिमेवरून रुग्णाचे भवितव्य दिसले, तरी ते बदलण्याचा मार्ग प्रयोगानेच सिद्ध करावा लागतो. हॉजकिनच्या रोगात हे काम बरेच पुढे गेले आहे. इतर कर्करोगांविषयी केल्या जाणाऱ्या विधानांचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावयास हवे.