अर्ध्यावर थांबणारा निरोप

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात जिवाणूंचे काय काम, असे काही मित्र म्हणतीलच. पण या विषयाशी माझी गाठ पडली ती टकळीमुळे. हिंगणघाट हे कापसाचे गाव. आजी मला लहानपणी टकळीवर सूत काढायला बसवी. पीळ जास्त झाला आणि हात ढिला पडला, की सूत स्वतःभोवतीच वळे. आरएनएचा धागाही असाच स्वतःवर वळतो, आणि त्या वळण्यावर जिवाणूचा संसार चालतो!

शाळेत आपण शिकलो ते एवढेच, की डीएनए ही मूळ पोथी, आरएनए ही तिची नक्कल, आणि ती वाचून रायबोसोम प्रथिने घडवतो. म्हणजे आरएनए बिचारा नुसता निरोप्या. पण आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत ट्रिप्टोफॅन हे अॅमिनो आम्ल बनवणारी पाच जनुके आहेत. त्यांच्या आधीचा एक तुकडा गळाला तर उत्पादन वाढते, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील चार्ल्स यानोफ्स्की व एथेल जॅक्सन यांना १९७३ साली आढळले. त्या तुकड्यात लगाम होता.

तो लगाम असा. नकलेच्या आरंभी १४ अॅमिनो आम्लांचा एक चिमुकला मजकूर असतो. त्यात ट्रिप्टोफॅन लागोपाठ दोनदा येते. पुढे नक्कल चालू असतानाच मागून रायबोसोम ती वाचत येतो. पुढच्या धाग्याचे तीन भाग धरा. मधला भाग अलीकडच्याशी जुळू शकतो किंवा पलीकडच्याशी; दोघांशी एकदम नाही. ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तर रायबोसोम न अडखळता येऊन अलीकडचा भाग झाकतो. मग मधला पलीकडच्याला बिलगतो, घट्ट फास पडतो आणि नक्कल तिथेच तुटते. घरात धान्य असताना जाते कोण फिरवील? टंचाई असेल तर मात्र रायबोसोम त्या दोन शब्दांवरच अडून बसतो. अलीकडचा भाग मोकळा राहून मधल्याला धरतो, फास पडत नाही, आणि पाचही जनुकांची नक्कल पुरी होते.

पुढे २००२ साली तर रायबोसोमचीही गरज नसलेले धागे सापडले. मातीतल्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत ब-२ जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू आरएनए स्वतःच पकडतो आणि ते जीवनसत्त्व बनवणाऱ्या जनुकांची नक्कल थांबवतो. गंमत अशी, की मातीतलाच दुसरा एक जिवाणू रोझिओफ्लेविन नावाचे प्रतिजैविक बनवतो. ते ब-२ चे सोंग घेऊन त्याच जागी बसते. कोठार रिकामे असताना ‘भरलेले आहे’ असा खोटा निरोप जातो, आणि शेजारी उपाशी राहतो.