रजेची शीट: चार दिवस ड्युटी, दोन दिवस सुट्टीवाल्यांचं गणित

(एपिसोडचा लिखित भाग. ऐकताना फॉर्म्युले निसटतात, म्हणून इथे वाचा.)

मी भिवंडीजवळच्या एका गोदामाचं रोस्टर बघतो. आमच्याकडे तीन प्रकारची माणसं. ऑफिसवाले सोमवार ते शनिवार, पॅकिंगवाले आठवड्याला पाच दिवस, आणि लोडिंगवाले चार दिवस ड्युटी, दोन दिवस सुट्टी. रजेचा हिशोब सगळ्यांना एकच लावला की भांडण ठरलेलं.

सोपं उदाहरण घ्या. तिघेही सोमवार ते रविवार गावी गेले. ऑफिसवाल्याच्या सहा रजा जातील, पॅकिंगवाल्याच्या पाच. लोडिंगवाल्याच्या? चार किंवा पाच, त्याचा फेरा कुठे चालू आहे त्यावर. म्हणून रजेच्या आधी रोस्टर बनवा. एका टॅबमध्ये प्रत्येकाचं नाव आणि त्याच्या फेऱ्याची पहिली ड्युटी कोणत्या तारखेला, एवढंच. दुसऱ्या टॅबमध्ये डावीकडे नावं, वर वर्षभराच्या तारखा. प्रत्येक चौकोनात 'मॉड' वापरायचं: तारीख वजा पहिली ड्युटी, भागिले ६, बाकी ४ पेक्षा कमी आली तर ड्युटी, नाहीतर सुट्टी. रजा फक्त ड्युटीच्या चौकोनातच मोजायची. नाइटवाल्यांचं एक लक्षात ठेवा: रात्री १० ते सकाळी ६ ही एकच ड्युटी, आणि ती सुरू झाली त्या तारखेची.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते. ऑफिसवाल्याचे कामाचे दिवस साधारण ३१३ होतात, त्याला चिंता नाही. पण चार-दोनवाल्याचे होतात फक्त २४३-२४४! त्याने पाच दिवस दांडी मारली की आकडा २४० च्या खाली, आणि निदान १२ दिवसांची रजा धोक्यात. पोरगा म्हणतो, 'दादा, मी तर एकही ड्युटी बदलून मागितली नाही.' खरंय त्याचं. पॅटर्नच तसा आहे.

म्हणून माझ्या शीटमध्ये 'कामाचे दिवस' हा वेगळा रकाना आहे, 'काउंटइफ'ने मोजलेला, आणि शेजारी 'वर्षअखेर किती होतील' हा अंदाज. २४५ च्या खाली गेला की चौकोन लाल. जूनमध्ये लाल दिसला तर बोलता येतं, डिसेंबरमध्ये नाही. गैरहजेरीचे कोणते दिवस कामाचे धरायचे, ते एचआरकडून लेखी घ्या.

गणपतीसाठी मात्र वेगळा रकाना लागतो: त्या तारखेला, त्या शिफ्टला किती माणसं उरतात. आमच्याकडे निम्मी मंडळी कोकणातली. पाचपेक्षा कमी उरली तर पुढची रजा थांबते, आणि कोणी आधी मागितली होती ते तारखेसकट सगळ्यांना दिसतं.

शीट सगळ्यांना फक्त बघायला शेअर करा, मोबाइलवर उघडते. बदल एकाच माणसाने करायचे.